नाक्यावरचा आड

जालना रस्त्यानं शहराबाहेर पडलं की शेंद्र्याचे कारखाने मागं टाकून, करमाडच्या जरा अलीकडं डाव्या हाताला एक दगडी इमारत लागते. निजामाच्या राज्यात तिथं करोडगिरीचा नाका होता. करोडगिरी म्हणजे मालावरची जकात. गाड्या थांबायच्या, पोत्यांची तोंडं उघडून बघितली जायची, जकात भरली की गाडीवान बैलांना हाक द्यायचा. पुढं निजाम गेला, करोडगिरीही गेली. इमारत अप्पाराव पाटलांच्या वावराला लागून होती, ती त्यांच्याकडं आली. त्यांनी तिच्यात कडबा रचला, पुढच्या कमानींखाली बैल बांधले आणि मागच्या अंगणातला आड आपल्या मळ्याला लावून घेतला. त्या आडाचं पाणी कधी आटलं नाही असं सगळेच सांगतात, आणि ते खरं आहे.

अप्पारावांच्या माघारी मुलगा बद्रीनाथ आणि नंतर नातू शिवराज. शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा पाटलांची बरीचशी जमीन गेली, पण नाका आणि त्याच्या भोवतीचा तुकडा राहिला. शिवराजच्या डोक्यात तिथं हॉटेल काढायचं होतं. कंपन्यांतली माणसं होती, रविवारी जेवायला बाहेर पडणारी शहरातली कुटुंबं होती. पण त्या पडक्या इमारतीला हॉटेलसारखं रूप दिलं ते त्याच्या बायकोनं, अपेक्षानं.

अपेक्षा छावणीतली. तिच्या वडिलांची तिथल्या बाजारात बेकरी होती. ती इतिहास घेऊन बी.ए. झाली होती, आणि लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा नाका बघितला तेव्हा बैलांच्या शेणात उभी राहून तिनं कमानींवरचा चुना नखानं खरवडून पाहिला होता. शिवराजला सिमेंटचा गिलावा मारायचा होता. तिनं मारू दिला नाही. खुलताबादहून चुन्याचं काम येणारे गवंडी आणले, दगड घासून घेतले, रस्त्याकडचा हातभर उंच ओटा तसाच ठेवला. आत भाकरी, शेवग्याच्या शेंगा, मटणाचा रस्सा आणि रविवारी नान-खलिया. हॉटेलचं नाव ‘जुना नाका’.

इमारतीचा इतिहास भिंतीवर लावायचा, हीसुद्धा तिचीच कल्पना. करोडगिरीबद्दल तिनं ग्रंथालयात बसून वाचलं. पण त्यानंतरचं काय? तिनं शिवराजला विचारलं, शिवराजनं वडिलांना विचारलं. बद्रीनाथ तेव्हा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते.

"बहात्तरच्या दुष्काळात सगळं आटलं होतं," ते म्हणाले. "आपला आड आटला नव्हता. अप्पांनी तो सगळ्यांना खुला केला." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीकडं गेले.

अपेक्षाला एवढं पुरेसं होतं. तिनं फलक लिहिला, लाकडी चौकटीत बसवला आणि व्हरांड्यात येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा लावला. ‘१९७२च्या भीषण दुष्काळात या आडानं पंचक्रोशी जगवली. अप्पाराव पाटलांनी जातपात न बघता तो सर्वांना खुला केला.’ लोक जेवण येईपर्यंत वाचायचे. कुणी विचारलं तर अपेक्षा टेबलापाशी जाऊन आणखी सांगायची. रांगा कशा लागत असतील, अप्पाराव कसे उभे राहत असतील. सांगता सांगता तिच्या मनात ते चित्र इतकं पक्कं झालं की तिनं ते पाहिलेलं असावं असं ऐकणाऱ्याला वाटे.

हॉटेल सुरू झालं ते वर्षसुद्धा दुष्काळाचंच होतं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा. करमाडच्या बाजूला टँकर येई, पण माळावरच्या धनगरवाडीला तो कधी पोचे, कधी वाटेतच रिकामा होई. वाडीतले बोअर गेले तशा बायका हंडे घेऊन हॉटेलच्या मागच्या फाटकाशी येऊन उभ्या राहू लागल्या. शिवराज कुरकुरला. अपेक्षा म्हणाली, "भिंतीवर काय लिहिलंय आपण? आणि यांना नाही म्हणायचं?" त्यानं हसून फाटकाची किल्ली तिच्या हातात दिली. रोज सकाळी स्वयंपाकघर सुरू व्हायच्या आधी ती फाटक उघडायची, मोटर लावायची आणि नळीची धार हंड्यांत सोडायची. बायका तिला "ताई" म्हणायच्या. त्या दिवसांत ती मनापासून सुखी होती. आपण एका चांगल्या घराण्यात पडलो असं तिला वाटे.

एप्रिलमध्ये शहरातल्या एका मंडळाचं पत्र आलं. जुन्या वास्तू बघत फिरणारी माणसं होती ती, आणि त्यांना नाका बघायचा होता. अपेक्षानं ठरवलं, नुसतं जेवण नको, छोटा कार्यक्रम करू, बहात्तर पाहिलेल्या एखाद्या माणसाला बोलावू. फाटकावरच्या बायकांना तिनं विचारलं. त्या एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी एक तरणी बाई म्हणाली, "बिरूबाबा हायेत की. त्यांनी समदं पाह्यलंय."

बिरू धनगराचं घर वाडीच्या कडेला होतं. मागं मेंढरांचा वाडा, त्यात आता थोडीच मेंढरं उरलेली. बिरू दारात बसून दोरी वळत होता. अपेक्षानं आपण कशाला आलो ते सांगितलं.

"मला बोलता येत न्हाई, बाई," तो म्हणाला.

"दोनच शब्द बोला, बिरूमामा. तुमच्यासारखं सांगणारं कोण राहिलंय आता?"

तो बराच वेळ दोरी वळत राहिला. मग त्यानं दाराशेजारी मांडलेल्या भरल्या हंड्यांकडं पाहिलं. त्याची बायको सखूबाई सकाळीच ते पाणी घेऊन आली होती. चुलीपाशी बसलेल्या सखूबाईचा फुंकणीवरचा हात थांबला होता.

"येतो," बिरू म्हणाला.

कार्यक्रम चांगला झाला. मंडळी संध्याकाळी उन्हं कलताना आली, कमानींना हात लावून बघितलं, आडात डोकावून पाहिलं. ओट्यावर खुर्ची मांडून अपेक्षानं बिरूला बसवलं. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. समोर खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत सासरे बद्रीनाथ. अपेक्षानं फलक वाचून दाखवला आणि म्हणाली, "हे सगळं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते बिरूमामा आज आपल्यात आहेत. मामा, तेव्हा इथलं पाणी सगळ्यांना मिळालं, हो ना?"

बिरूनं ओट्याच्या दगडाकडं पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "मिळालं."

"अप्पाराव पाटील स्वतः उभे राहायचे?"

"हुबं राह्यचे."

"तुमच्या वाडीतल्या बायकाही यायच्या?"

"आमची आई येयाची," बिरू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, आणि लोकांना वाटलं म्हाताऱ्याला गहिवरून आलं. "पाटलांनी लई... लई केलं."

टाळ्या वाजल्या. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. शिवराजनं बिरूच्या खांद्यावर शाल घातली आणि फोटो निघाले. बद्रीनाथ मात्र टाळ्या संपायच्या आत उठून गेले होते. अपेक्षाला वाटलं, वडिलांची आठवण आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या बायका गेल्यावर सखूबाई एकटीच मागं राहिली. तिच्या हातात घडी घातलेली शाल होती.

"ही घे ताई. घरात नको."

"अहो मावशी, मामांचा मान आहे तो. परत काय देता?"

"त्यांनी घेतली, मला ठिवता येत न्हाई." सखूबाईनं शाल कठड्यावर ठेवली. तिनं हंडा उचलायला हात घातला आणि पुन्हा काढून घेतला. "तू चांगली पोर हायेस, म्हणून बोलते. त्यांना त्या ओट्यावर कामून बसवलंस?"

"का? काय झालं?"

"त्यांच्या आईला तिथंच बसवलं व्हतं."

अपेक्षाला कळेना. सखूबाई खाली बसली आणि आडाकडं तोंड करून बोलू लागली. त्या सालात आड खुला नव्हता. अप्पारावांनी त्याच्यावर फळ्या टाकून कुलूप लावलं होतं. पाणी होतं, पण ते मोसंबीच्या बागेला आणि पाटलांच्या जनावरांना. वाडीतले पुरुष मेंढरं घेऊन गोदाकाठी गेले होते, बिरूही गेला होता. घरी त्याचा धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. सखूबाई तेव्हा नवी नवरी. एका दुपारी, माणसं आडवी झाल्यावर, तिची सासू वच्छलाबाई आणि ती आडावर आल्या. सासूनं फळी सरकवून हंडा भरून काढला. अप्पारावांनी पाहिलं.

"मारलं न्हाई त्यांनी," सखूबाई म्हणाली. "मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणले, पान्याची लई हौस हाये ना, मग बस घेऊन. त्या ओट्यावर बसवलं, भरला हंडा डोक्यावर देऊन. दिवस बुडूस्तोवर. रस्त्यानं खडी फोडायच्या कामावरचे लोक परतत व्हते. समद्यांनी पाह्यलं. मान हालली की पाणी सांडायचं तोंडावर. ती जिभेवर बी घ्यायची न्हाई. तोंड मिटून बसली व्हती."

"आणि तुम्ही?"

"मी बाभळीमागं हुबी व्हते. पुढं झाले न्हाई." सखूबाईनं पदर तोंडाला लावला. "शेवटाला ते पाणी बैलांच्या डोणीत वतायला लावलं, अन् मोकळा हंडा घेऊन लावून दिलं. तुझा सासरा व्हता तिथं. आडाची किल्ली त्याच्याच करगोट्याला असायची. मग लई पाऊस झाला, साल सुधरली, पर सासूनं मरूस्तोवर ह्या आडाचा थेंब तोंडात घातला न्हाई. अन् बघ, मी रोज येते."

अपेक्षाला ओरडावंसं वाटलं, पण शब्द आले ते भलतेच. "मग मामा काल खोटं का बोलले?"

सखूबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. एवढं साधं का कळू नये, असं काहीतरी होतं. "पाणी बंद झालं तर कुठं जावं आमी?" ती म्हणाली. हंडा डोक्यावर घेऊन ती फाटकाबाहेर पडली.

अपेक्षा दिवसभर स्वयंपाकघरात राहिली. फलकाच्या बाजूला तिनं पाहिलं नाही. आपण त्या माणसाला काल काय विचारलं ते तिला एकेक शब्दानं आठवत होतं. तुमच्या वाडीतल्या बायकाही यायच्या? आमची आई येयाची. लोकांच्या टाळ्या. आपलं हसू. तिला आपलाच चेहरा नकोसा झाला.

संध्याकाळी ती सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, बहात्तरला आड खुला नव्हता ना?"

बद्रीनाथ बाजेवर उठून बसले. ते तापट नव्हते. सुनेशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. आताही ते हळूच म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"खरं आहे का ते सांगा ना."

"बिरू बोलला? काल तर चांगलं बोलला."

"मामा नाही बोलले. सखूमावशी..." आणि ती थांबली. थांबली तोवर नाव बाहेर पडलं होतं.

बद्रीनाथांनी मान हलवली. "जुन्या गोष्टी हायेत, पोरी. चालू धंद्यात त्या उकरायच्या नसतात," एवढंच म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर फाटकाची किल्ली नव्हती. बायका बाहेर येऊन उभ्या होत्या. अपेक्षा शिवराजकडं धावली.

"बाबांनी ठेवलीय किल्ली," तो म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. "थोडे दिवस राहू दे. आज आपल्या तोंडावर बोलतात, उद्या गिऱ्हाइकांना सांगतील. पेपरात आलं तर? एवढं उभं केलंय आपण."

"पण पाणी..."

"टँकर येतो ना त्यांना."

"येत नाही. तुम्हालाही माहितीय."

"तू बाबांना विचारायला कशाला गेलीस?" तो एकदम चिडून म्हणाला. "सगळं नीट चाललं होतं."

हे बोलणं तिच्या वर्मी बसलं, कारण ते खरं होतं. ती फाटकापाशी गेली आणि गजांतून म्हणाली, "मोटर जळलीय." का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. खरं सांगायची लाज वाटली आणि खोटं पटकन आलं. बायकांनी ऐकून घेतलं. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या छतावरच्या टाकीत मोटरचं पाणी धो धो पडत होतं, आणि तो आवाज फाटकापर्यंत स्पष्ट येत होता. सखूबाई मागच्या बाजूला उभी होती. तिनं सगळ्यांत आधी पाठ फिरवली.

त्या रविवारी हॉटेल भरलं होतं. शहरातला एक डॉक्टर आईवडिलांना घेऊन आला होता. त्यानं फलक वाचला आणि अपेक्षाला बोलावलं. "मॅडम, तुम्ही फार छान सांगता म्हणे. आमच्या आईंना सांगा ना." शिवराज गल्ल्यावरून बघत होता. अपेक्षा टेबलापाशी उभी राहिली. आता सांगावं, तिला वाटलं. आता नाही तर कधीच नाही. म्हातारी बाई हात पुसून, मान वर करून मोठ्या उत्सुकतेनं तिच्याकडं बघत होती.

आणि अपेक्षानं तेच सांगितलं. रांगा, अप्पाराव, पंचक्रोशी. सवयीनं शब्द आपोआप येत गेले. म्हातारीनं हात जोडले. "अशी माणसं होती म्हणून जग चाललं," ती म्हणाली.

अपेक्षा मागं गेली. भांडी घासायच्या जागी कुणी बघत नाहीसं बघून तिनं तोंडावर पाणी मारलं, आणि ते आडाचं पाणी आहे हे लक्षात येऊन तिचे हात तसेच राहिले. सखूबाईचं ऐकून आपल्याला जे वाटलं होतं ते काहीच नव्हतं, असं तिला वाटलं. तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असून बोललो.

सोमवारी ती वाडीवर गेली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. वाडीच्या तोंडाशी बायका टँकरची वाट बघत बसल्या होत्या. सखूबाईही होती.

"चला," अपेक्षा म्हणाली. "हंडे घ्या. पुढच्या दारानं चला. ते दार तर कुणी बंद करू शकत नाही."

बायका बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "पाटील काय म्हणतील?"

"मी आहे ना."

आधी कुणी उठेना. मग पाण्याची गरजच जास्त झाली आणि एकेक उठली. भर दुपारी रस्त्याच्या कडेनं त्या निघाल्या. अपेक्षा पुढं होती. तिला वाटत होतं, आपण काहीतरी धुऊन काढतो आहोत.

जेवणाची वेळ होती. एका कंपनीची मंडळी टेबलं जोडून बसली होती. अपेक्षा काचेचं दार धरून उभी राहिली आणि धुळीनं भरलेल्या पायांच्या बायका हंडे कमरेवर घेऊन टेबलांमधून चालू लागल्या. बोलणी थांबली. वाढणाऱ्या पोरी भिंतीला चिकटल्या. कुणीतरी खुर्ची पुढं ओढून वाट दिली. शिवराज गल्ल्यामागं उभाच राहिला, एवढ्या लोकांसमोर त्याला बोलताही येईना. बायका मागच्या अंगणात गेल्या, अपेक्षानं मोटर लावली, हंडे भरले.

परतताना सखूबाई तिच्या कानाशी म्हणाली, "मागलं फाटक उघड, ताई. पुन्हा त्या लोकांतून नको."

"किल्ली नाही माझ्याकडं."

सखूबाईनं पदर पुढं ओढला. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती पुन्हा त्या टेबलांमधून चालू लागली. बाकीच्या तिच्यामागं. आता कंपनीची मंडळी सावरली होती. त्यांच्यातला एक जण फलक वाचून आला होता आणि मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगत होता, "अरे, हे बघा, जुन्या काळासारखं! काय कल्पना आहे!" मोबाइल बाहेर निघाले. एक तरुण मुलगी टाळ्या वाजवत बायकांच्या पुढं धावत व्हरांड्यात गेली. अतिशय गोड, निर्मळ चेहऱ्याची मुलगी होती ती.

"मावशी, एक मिनिट! ओट्यावर बसा ना जरा. हंडा असाच डोक्यावर राहू द्या. एक फोटो."

सखूबाई ओट्यापाशी थबकली. पुढं ती मुलगी, मागं बायकांची रांग. तिला जाता येईना. हंड्यातलं पाणी हललं आणि तिच्या कपाळावरून खाली आलं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

अपेक्षाला पुढं व्हायचं होतं. तिचे पाय हलले नाहीत. वाडीपासून इथपर्यंत आपण ह्यांना कशाला आणलं ते तिला त्या क्षणी समजलं. पाण्यासाठी आणलं होतंच. पण आपल्याला हलकं वाटावं म्हणूनही आणलं होतं. त्यासाठी आपण ह्या बाईला पुन्हा इथं आणून उभं केलं.

"फोटो काढू नका."

आवाज बद्रीनाथांचा होता. ते कडुनिंबाखालून कधी उठून आले ते कुणी पाहिलं नव्हतं. पायात चप्पल नव्हती. मुलगी गोंधळून बाजूला झाली. बद्रीनाथ सखूबाईपासून चार हातांवर उभे होते, तिच्या डोक्यावरच्या हंड्याकडं बघत. त्यांचे ओठ हलले. अपेक्षाला वाटलं ते आता काहीतरी बोलतील. सगळेच वाट बघत होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि इमारतीला वळसा घालून, भिंतीचा आधार घेत ते मागं गेले. कुलुपात किल्ली लवकर बसेना. शेवटी फाटक उघडलं. किल्ली कुलुपातच राहू देऊन ते घराकडं चालू लागले.

सखूबाई तोवर ओटा उतरून रस्त्याला लागली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर फाटकाला कुलूप लागलं नाही. पण सखूबाई कधी आली नाही. तिच्या घरचे हंडे शेजारची सून भरून न्यायची. बद्रीनाथ हॉटेलच्या आवारात यायचे थांबले. घरातही ते कमी बोलू लागले. एकदा ताटावर बसलेले असताना अचानक म्हणाले, "लोक हसत व्हते तेव्हा. मी बी हसलो व्हतो." शिवराजनं घास हातात तसाच धरला. बद्रीनाथ पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत.

अपेक्षानं फलक उतरवला. शिवराजनं अडवलं नाही. तिच्या मनात दुसरा फलक होता, खरा. त्यावर वच्छलाबाईचं नाव लिहायचं होतं. पण विचारल्याशिवाय लिहायचं नाही एवढं तिला आता कळलं होतं. ती बिरूकडं गेली. तो माळावर मेंढरांमागं होता. ती उन्हात त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं माफी मागितली. ओट्यावर बसवल्याची, विचारलेल्या प्रश्नांची, फाटक बंद झाल्याची. मग फलकाचं सांगितलं.

बिरूनं एका चुकार मेंढराला हाळी देऊन वळवलं. मग तो म्हणाला, "ल्ह्यू नको."

"पण खरं तर लोकांना कळायला पाहिजे ना, मामा?"

"कुण्या लोकान्ला? तिथं लोक जेवायला येत्यात. आईचं नाव वाचतील, चुकचुक करतील, अन् भाकरी मोडतील." तो शांतपणे बोलत होता, पण त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. "तिला एकदा समद्यांनी पाह्यलं. तेवढं बास झालं. अन् मी समद्यांसमोर बोललो त्ये बोललो. आता मला बी खोटा पाडू नको. आमाला ह्याच गावात राह्यचंय."

"मग मी काय करू?"

"मला काय ठावं?" बिरू म्हणाला. तो पहिल्यांदाच चिडला होता. "दर येळी आमच्याकडं येतीस इचारायला. कधी सांगा म्हणतीस, कधी ल्ह्यू का म्हणतीस. तुमच्या घरातलं हाये त्ये. तुमीच बघा."

तो मेंढरांमागं चालू लागला. अपेक्षा तिथंच उभी राहिली. त्याच्या बोलण्यात तिला काही खोटं दिसेना. इतके दिवस आपण त्याच्याकडून काहीतरी घेतच होतो. आधी गोष्ट घेतली, मग ग्वाही, आणि आत्ता क्षमासुद्धा मागून घ्यायला आलो होतो.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. वाडीला पुढं नळ आला आणि फाटकाशी येणं थांबलं. ‘जुना नाका’ चांगला चालतो. शेंद्र्याकडं नव्या वसाहती झाल्या, तिथलीही गर्दी असते. कुणी इमारतीबद्दल विचारलं तर अपेक्षा करोडगिरीपर्यंतचं सांगते. त्यापुढं काय झालं, असं कुणी विचारतंच. कधी ती म्हणते, "पुढं आमच्या घराण्याकडं आली." कधी, माणूस बरा वाटला आणि आसपास कुणी नसलं, तर म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या लोकांनी आडाला कुलूप लावलं होतं." एवढंच. वच्छलाबाईचं नाव ती घेत नाही. ऐकणारा जरा अवघडतो आणि पाण्याच्या पेल्याकडं बघतो. तिला त्यानं हलकं वाटत नाही. तसं वाटावं अशी आता तिची अपेक्षाही नसते.

मागच्या थंडीत करमाडच्या बाजारात तिला सखूबाई भेटली. पार वाकली होती. मेथीच्या जुड्या बघत होती. अपेक्षा समोर आल्यावर तिनं डोळ्यांवर हात धरून ओळख पटवली.

"ताई व्हय? बरं हाये ना समदं?"

"बरं आहे, मावशी. तुमचं?"

"चाललंय." सखूबाईनं तिच्या हातातली पिशवी पाहिली, लेकराबाळांचं विचारलं, सासऱ्यांची तब्येत विचारली. अगदी सहज, कुणीही विचारावं तसं. अपेक्षानं सगळ्याची उत्तरं दिली. आता काहीतरी बोलायला हवं असं तिला वाटत होतं आणि सुचत नव्हतं. तिची नजर खाली गेली, ती पुन्हा वर येईना.

"ऊन व्हायच्या आत निघते," सखूबाई म्हणाली. एक जुडी पिशवीत टाकून, गर्दीतून वाट काढत ती गेली. मेथीवाल्यानं "तुमाला किती द्यायच्या?" असं दोनदा विचारलं, तेव्हा कुठं अपेक्षानं मान वर केली.